चेंबर नंबर ४७

गेल्या मंगळवारी भुयारी गटारीच्या चेंबर नंबर ४७ चं बेंचिंग, म्हणजे आतल्या नालीच्या दोन्ही बाजूंचा कट्टा, मी फोडायला लावलं.

आदल्या रात्री हॅलोजन लावून पोरांनी ते उरकलं होतं. सकाळी मी शिडीनं आत उतरले, बॅटरी मारली, वर आले आणि सांगितलं, हे काढा. मिस्त्री तरुण आहे. हात चांगला आहे त्याचा, प्लास्टर तर असं करतो की ओळंबा लावून बघावंसं वाटू नये. तो एक शब्द बोलला नाही, छिन्नी-हातोडी घेऊन खाली गेला. वरचा बिगारी मात्र म्हणाला, "मॅडम, आत कोण बघायला येतंय? एकदा झाकण पडलं की झालं."

त्याला तिथं नीट उत्तर देता आलं नाही. जेसीबी चालू होता, मागं दुधाचा टेम्पो अडकून हॉर्न वाजवत होता, आणि खरं सांगायचं तर त्या उत्तराला वेळ लागतो. म्हणून ते इथं लिहून काढतेय.

मी भुयारी गटारीच्या कामांवर साईट इंजिनिअर आहे. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि २०११ पासून हेच करतेय, कृष्णेच्या खोऱ्यातल्या लहान-मोठ्या गावांत. लग्नाकार्यात ओळख करून देताना घरचे "पाणीपुरवठ्यात आहे" असं सांगतात. मी गटारच म्हणते. घरात पाणी येतं तसं ते घरातून जावंही लागतं, आणि ते जाण्याची वाट बांधणं हे माझं काम आहे.

रस्त्यात जे झाकण दिसतं ते नुसतं तोंड. खाली वीटकामाची किंवा काँक्रीटची लहानशी विहीर असते. कागदावर तिला मॅनहोल म्हणतात, साईटवर सगळे चेंबर म्हणतात. दोन चेंबरच्या मधला पाइप सरळ रेषेतच टाकायचा असतो. लाइन वळणार असेल, उतार बदलणार असेल, पाइप मोठा होणार असेल, दुसरी लाइन येऊन मिळणार असेल किंवा लाइनची सुरुवात असेल, तर तिथं चेंबर आलंच. यातलं काहीच नसलं तरी लहान पाइपांवर साधारण दर ३० मीटरला एक. लाइन तुंबली तर एका चेंबरमधून काठ्या जोडत जोडत दुसऱ्यापर्यंत पोचता आलं पाहिजे, म्हणून हे अंतर.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. पुण्याला कात्रजच्या तलावातून पाणी आणणारा पेशवेकालीन नळ माणूस आतून चालू शकेल एवढा आहे, आणि त्याच्यावर ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडं ठेवलेली आहेत. त्यांना उच्छ्वास म्हणतात. ते पिण्याचं पाणी होतं, आमचं सांडपाणी. पण आत हवा जावी आणि सफाईला वाट असावी, हा हेतू तोच. उच्छ्वास हा शब्द मला फार आवडतो. मॅनहोल या शब्दात माणसानं आत शिरणं गृहीत धरलेलं आहे. उच्छ्वास म्हटलं की नळ श्वास सोडतोय एवढंच डोळ्यांपुढं येतं.

आता ४७ कडे येते.

तिथं २०० मिलिमीटरची मुख्य लाइन आहे, उतार २५० ला १. म्हणजे ३० मीटरच्या एका टप्प्यात पाइप फक्त १२ सेंटिमीटर खाली उतरतो. वीतभरसुद्धा नाही. एवढ्याशा उतारावर पाण्यानं सेकंदाला निदान ०.६ मीटर धावायचं असतं, तेही भर वाहत्या वेळी, सकाळी सगळ्या घरांत आंघोळी चालू असताना. या वेगानं पाणी आपल्याबरोबरची रेती आणि मैला पुढं नेतं. वेग कमी पडला की ते खाली बसायला लागतं. मग त्यावर आणखी बसतं.

पाइपच्या आत हे सगळं कारखान्यात ठरून आलेलं असतं: गुळगुळीत, गोल, सारखं. पण चेंबरमध्ये पाणी पाइपमधून बाहेर येतं आणि दीडएक मीटर उघड्यावर वाहून पुढच्या पाइपमध्ये शिरतं. हा दीड मीटर कारखान्यात बनत नाही. तो मिस्त्रीच्या थापीनं बनतो. तळाच्या काँक्रीटमध्ये अर्धगोल नाली कोरायची, तिला आम्ही चॅनल म्हणतो. ती येणाऱ्या पाइपच्या तळाला आणि जाणाऱ्या पाइपच्या तळाला अशी मिळाली पाहिजे की सांधा कुठं आहे ते कळू नये. नालीच्या दोन्ही बाजू पाइपच्या माथ्याएवढ्या उंच उभ्या घ्यायच्या. तिथून भिंतीपर्यंत जो कट्टा होतो ते बेंचिंग. त्याला नालीकडं उतार द्यायचा, १० ला १. पाणी कधी वर चढलंच तर उतरताना मैला कट्ट्यावर न राहता परत नालीत घसरावा म्हणून.

४७ मध्ये तीन गोष्टी चुकल्या होत्या. नालीच्या बाजू पाइपच्या निम्म्यापर्यंतच उचललेल्या होत्या, म्हणजे सकाळच्या भरतीला पाणी रोज कट्ट्यावर पसरणार. कट्टा जवळजवळ सपाट होता, म्हणजे जे पसरलं ते तिथंच बसणार. आणि तिसरी सगळ्यात वाईट: डाव्या गल्लीतून येणारी शाखा काटकोनात सरळ मुख्य नालीवर आपटत होती. शाखेची नाली नेहमी प्रवाहाच्या दिशेनं वळवून, हमरस्त्याला मिळणाऱ्या वाटेसारखी अलगद आत सोडायची असते. असं काटकोनात आपटलं की पाणी दोन्हीकडं थबकतं, आणि थबकलेल्या पाण्यात जे तरंगत असतं ते एकमेकांत गुंतायला लागतं. केस, कापड, पिशव्या.

वरून बघितलं तर यातलं काहीच दिसत नाही. उलट, सपाट कट्टा दिसायला जास्त नीटनेटका.

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना सगळे तात्या म्हणायचे. जत भागातले, साठीकडं झुकलेले, शाळा चौथीपर्यंत. माझी पहिली दोन वर्षं त्यांच्या हाताखालीच गेली, कागदावर ते माझ्या हाताखाली होते तरी. पहिल्या महिन्यात त्यांनी मला मॅडम म्हटलं, मग पोरी म्हणायला लागले, आणि ती बढती आहे हे मला तेव्हाच कळलं होतं.

गोल चेंबर बांधताना तात्या मधोमध एक लोखंडी पाइप ओळंब्यात उभा करायचे. त्याला एक लाकडी पट्टी अडकवायची, फिरती. दीड मीटर व्यासाचं चेंबर असेल तर पाइपच्या मध्यापासून पट्टीचं टोक बरोबर ७५ सेंटिमीटर. प्रत्येक वीट ठेवली की पट्टी फिरवून टोक विटेला लागतं का बघायचं. विटा आडव्या, तोंड आत करून ठेवायच्या. आतल्या बाजूला सांधा बारीक, बाहेर आपोआप पाचरीसारखा रुंद होतो, आणि तिथं माल दाबून भरायचा. बरेच जण इथं चोरी करतात, बाहेरचा सांधा पोकळ सोडतात. मातीच्या बाजूला कोण बघतंय! तात्या थापीच्या टोकानं माल ठासायचे आणि मग थापीच्या मुठीनं विटेवर दोनदा टकटक करायचे. एकदा मी विचारलं, दोनदाच का? म्हणाले, "एकदा बसाय, एकदा ऐकाय." भरीव सांध्याचा आवाज वेगळा येतो. पुढं मलाही तो ओळखता यायला लागला.

नाली झाली की ते घोटाई करायचे. वर निव्वळ सिमेंटचा हात, आणि पोलादी थापीनं ते काचेसारखं होईपर्यंत घोटायचं. दुसऱ्या दिवशी खाली उतरून, चप्पल काढून, उकिडवं बसून ते उजवा तळवा येणाऱ्या पाइपच्या तोंडापासून जाणाऱ्या पाइपच्या तोंडापर्यंत फिरवायचे. डोळे मिटलेले. मग मला म्हणायचे, "आता तू फिरीव." मी फिरवायची. "हाताला कुठं लागलं?" मी म्हणायची, हितं जरासं. "मग कापडाला बी लागंल," म्हणायचे आणि तेवढं पुन्हा घोटायचे.

माझ्या पिशवीत लेव्हलची वही असते, टेप असतो, बॅटरी असते. पण नाली पास करताना मी अजूनही तळवा फिरवते.

खोदाईबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं खड्डा काढला की झालं. आमच्या भागात काळी माती. उन्हाळ्यात दगडासारखी, पावसात लोण्यासारखी. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात आणि खड्ड्याच्या भिंती अगदी उभ्या, भक्कम दिसतात. त्या दिसण्यावर जायचं नसतं. दीड मीटरपेक्षा खोल गेलं की फळ्या आणि आडव्या दांड्या लावून दोन्ही बाजू धरायच्या, आणि काढलेली माती काठापासून दीड मीटर तरी लांब टाकायची. गल्ली अरुंद असते, लोक ओरडतात, ठेकेदाराला ट्रॅक्टरच्या फेऱ्या वाचवायच्या असतात, म्हणून ढीग काठावरच लागतो. मी या एका गोष्टीवर काम बंद पाडलेलं आहे, तीनदा. तिन्ही वेळा भांडण झालं. खड्ड्यात वाकलेल्या माणसाला माती कोसळताना पळायला वेळ मिळत नाही, आणि छातीपर्यंत गाडला गेला तरी माणूस श्वास घेऊ शकत नाही, एवढं तिचं वजन असतं.

नदीकाठी तर खालून पाणी. पंप लावून उपसत राहायचं आणि तळाचं काँक्रीट कोरड्यात ओतायचं. कारखान्यातून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या कड्या हल्ली सर्रास वापरतात. काम भराभर होतं आणि मला त्या पसंत आहेत, पण त्यांची एक खोड सांगते. एका कामावर आम्ही तीन मीटर खोलीचं चेंबर कड्या रचून उभं केलं, बाहेरचा व्यास दीड मीटर. भोवती माती भरायची राहिली होती. रात्री पाऊस झाला, खड्डा भरला. सकाळी बघतो तर सगळं चेंबर चार बोटं वर उचलून एका अंगाला कललेलं! विश्वास बसेना. मग वहीत हिशेब केला. एवढ्या आकाराच्या पोकळ वस्तूनं बाजूला सारलेलं पाणी ५.३ टन भरतं, आणि त्या कड्यांचं वजन त्याच्याहून कमीच होतं. रिकामं चेंबर म्हणजे होडीच की. तेव्हापासून तळ जड आणि बाहेर पसरलेला घेतल्याशिवाय, आणि त्याच दिवशी भोवतीची माती दाबून भरल्याशिवाय आम्ही साईट सोडत नाही.

पाइप भिंतीतून आत येतो ती जागाही जपायची. पूर्वीचे भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे पाइप मालाला धरायचे. आता दुपदरी प्लास्टिकचे पाइप आले, हलके, लांब, झटपट जोडले जाणारे. पण प्लास्टिकला सिमेंट चिकटत नाही. वरून प्लास्टर सुरेख दिसतं आणि पाइपभोवती केसाएवढी फट राहते. त्या फटीतून पावसाळ्यात जमिनीतलं पाणी बारीक माती घेऊन आत येतं, दिवसरात्र. वर्षा-दोन वर्षांनी बाहेर पोकळी होते आणि एक दिवस रस्ता खचतो. लोक म्हणतात पाइप फुटला. पाइप धड असतो! म्हणून भिंतीत रबरी कडं किंवा खरखरीत बाह्यांगाचा तुकडा वापरायचा, आणि चेंबरच्या बाहेर लगेच एक आखूड तुकडा जोडायचा. चेंबर जरासं बसलं तर सांधा तेवढा वाकतो, पाइप मोडत नाही. शेवटी तोंडं बंद करून चेंबरमध्ये पाणी भरून ठेवायचं. ही चाचणी कंटाळवाणी आहे, आणि बिल काढायच्या घाईत पहिली हीच गाळली जाते.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरीही नाही.

नोकरीचं तिसरं वर्ष. तात्या गावी परतले होते, मी दुसऱ्या ठेकेदाराकडं, नदीकाठच्या एका शहरात. मे महिन्याचा शेवट, पावसाच्या आधी टप्पा पुरा करायचा, बिलाची तारीख ठरलेली. पिठाच्या गिरणीजवळच्या वळणावर एक चेंबर होतं. संध्याकाळी प्लास्टर संपलं. प्लास्टर करताना माल खाली गळतो, नालीत पडतो. तो ओला असतानाच काढून नाली पुसून घ्यायची असते. मी वरून विचारलं, "साफ केली का?" खालून आवाज आला, "केली." शिडी दुसऱ्या चेंबरवर गेली होती. मी उतरले नाही. मोजमाप वहीत सही केली. दुसऱ्या दिवशी झाकण बसलं.

चार वर्षांनी मावसबहिणीच्या लग्नाला त्याच शहरात गेले होते. हळदीच्या सकाळी पिठाच्या गिरणीजवळून जाताना गर्दी दिसली. झाकण उघडं. कडेला काळं पाणी रस्त्यावर आलेलं. एक माणूस कमरेला दोर बांधून आत होता, आणि दोर धरायला एक पोरगा, पंधरा-सोळा वर्षांचा असेल. तोंडाला काही नाही, हातात मोजे नाहीत. आतून बादल्या येत होत्या. चिंध्या, प्लास्टिक, बांबूची कामटी. मग एका बादलीत, चिंध्यांच्या गुंत्यात, अर्ध्या नारळाएवढा सिमेंटचा गोळा आला. एक बाजू सपाट, नालीच्या तळाला चिकटून बसलेली. दुसरी बाजू खडबडीत, तिच्यात कापडाचे धागे रुतलेले.

मी तो लगेच ओळखला. थापीवरून गळलेला माल तसाच वाळतो.

तो माणूस वर आला. डोळे लाल, खोकला थांबेना. गिरणीच्या पायरीवर बसायला गेला तर कुणीतरी म्हणालं, तिकडं बस. तो रस्त्याच्या कडेला बसला. पाणी मागितलं. एका बाईनं तांब्या आणला आणि वरून, अंतर ठेवून, त्याच्या ओंजळीत ओतला. तो प्याला. दोर धरणारा पोरगा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

मी हळदीला गेले. साडी नेसले, फोटोत उभी राहिले. काही बोलले नाही. तेव्हा मॅन्युअल स्कॅव्हेंजिंगविरुद्धचा, म्हणजे माणसाला हातानं मैला काढायला लावण्याविरुद्धचा, २०१३ चा कायदा लागू होऊन चार वर्षं होत आली होती. साधनं आणि बंदोबस्त नसताना गटारात माणूस उतरवणं त्या कायद्यानं गुन्हा आहे. गटारात जीव गेला तर कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलेलं होतं. २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं ती रक्कम ३० लाख केली. त्या सकाळी ज्यांनी त्याला उतरवलं ते गुन्हेगारच. पण तो तिथं उतरण्याचं कारण मी चार वर्षं आधी नालीत ठेवून आले होते. शिडी आणायला दहा मिनिटं लागली असती.

तो माणूस वाचला, कारण त्या दिवशी आत वायू कमी होता. एवढंच. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो हवेहून जड, तळाशी साठतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. "आता वास गेला, उतर" असं म्हणणारे मी ऐकले आहेत. वास जाणं हीच मरणाची खूण असते. एक पडला की दुसरा त्याला काढायला उडी घेतो, मग तिसरा. बहुतेक बातम्यांत दोघं-तिघं एकदम गेलेले असतात ते यामुळं, आणि ते बरेचदा बाप-लेक किंवा भाऊ-भाऊ असतात.

हे नव्या चेंबरलाही लागू आहे. आमची कोरी करकरीत लाइन चालू लाइनला जोडली की त्या क्षणापासून ती जुनीच समजायची. मी स्वतः उतरते तेव्हा अलीकडचं-पलीकडचं झाकण तासभर आधी उघडून ठेवलेलं असतं, वायू मोजायचं यंत्र दोरीनं आधी खाली जातं, आणि मी पट्टा बांधल्याशिवाय पाय आत टाकत नाही. पोरांना हे फार वाटतं. वाटू दे.

तोच वायू भिंतींनाही खातो. पाण्याच्या वरच्या ओल्या भागावर जिवाणू त्याचं गंधकाचं आम्ल करतात आणि सिमेंट खडूसारखं मऊ होतं. आतल्या लोखंडी पायऱ्या सगळ्यात आधी जातात. वरून धड दिसणारी पायरी भिंतीच्या आत गंजून दोऱ्याएवढी उरलेली असते. आता प्लास्टिकचं आवरण असलेल्या पायऱ्या मिळतात, ३० सेंटिमीटर अंतरावर लावायच्या. त्या वीटकाम चालू असतानाच बसवायच्या. मागाहून भिंत फोडून खोचलेली पायरी हातानं हलवली तरी हलते. काही जण म्हणतात, आता मॅनहोल नाही, मशीन-होल म्हणायचं, माणूस उतरणारच नाही, मग पायऱ्या कशाला? सरकारी कागदांतही हा शब्द आलाय आणि मला तो मनापासून हवा आहे. जोराच्या पाण्यानं लाइन धुणारी जेटिंगची गाडी, मैला ओढून घेणारी सक्शनची गाडी, केरळातल्या तरुणांनी बनवलेला बँडिकूट नावाचा यंत्रमानव, हे सगळं यावं, गल्लीबोळांत यावं. पण जोवर एकाही गावात एकही माणूस उतरतोय तोवर मी पायरी पक्की बसवणार. आणि यंत्राला तरी काय हवं असतं? सरळ, गुळगुळीत नाली. जेटचं तोंड खडबडीत नालीत अडकतं, वाकड्या शाखेत शिरत नाही. यंत्र हरलं की पुन्हा माणसालाच हाक मारतात.

झाकणाबद्दल थोडक्यात. झाकणं किती भार पेलायचा त्याप्रमाणं असतात: २.५ टन, १० टन, २० टन, ३५ टन. उसाच्या ट्रॉल्या जातात त्या रस्त्यावर पायवाटेचं झाकण टाकलं तर दिवाळीपर्यंत ते आत जातं. बिडाची झाकणं चोरीला जातात म्हणून आता पोलादी तंतू घातलेल्या काँक्रीटची आली. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई तुंबली तेव्हा साचलेल्या पाण्यातून घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये ओढले गेले. त्यांची छत्री आधी सापडली. त्या दिवसानंतर झाकणाखाली जाळी हवी हे सगळ्यांना पटलं. ती बसवणं अजून कितीतरी ठिकाणी राहिलंय. आणि रस्त्याचं डांबरीकरण करताना झाकण गाडून टाकू नका, चौकट उचलून घ्या, हे मी ज्या-ज्या गावात काम केलं तिथं हात जोडून सांगितलं आहे. गाडलेलं चेंबर शोधायला लोक डांबरावर पहारीनं ठोकत फिरतात, आणि तोवर खाली लाइन भरत असते.

मंगळवारी दुपारपर्यंत ४७ चं जुनं बेंचिंग निघालं. नाली नव्यानं आखायला मी मिस्त्रीबरोबर खाली होते. शाखेचं वळण काढायला त्यानं हिरव्या प्लास्टिकच्या बागेच्या पाइपचा तुकडा घेतला, दोन तोंडांमध्ये ठेवून वाकवला आणि त्याच्या कडेनं खुणा केल्या. ही युक्ती मला माहीत नव्हती. बाजू पूर्ण उंचीपर्यंत घेतल्या, कट्ट्याला उतार दिला, संध्याकाळी घोटाई झाली. गोणपाट ओलं करून टाकलं.

शुक्रवारी त्यानंच फोन केला. "मॅडम, बघून जावा."

मी पोचले तेव्हा तो आधीच खाली होता. चप्पल काठावर काढून ठेवलेली. मी त्याला पिठाच्या गिरणीची गोष्ट सांगितलेली नाही, फक्त तळवा फिरवायचं सांगितलं होतं. तो उकिडवा बसून हात फिरवत होता, शाखेच्या तोंडापासून वळणावरून मुख्य नालीत, पुन्हा एकदा, सावकाश. एका जागी थांबला, नखानं काहीतरी खरवडलं, पुन्हा फिरवला. मग मी उतरले आणि मीही फिरवला. हाताला काही लागलं नाही.

वर त्या बिगाऱ्याला सांगितलं, ४६ मध्ये दोन बादल्या ओत, आणि पहिल्या बादलीत लिंबाचा पाला टाक. आम्ही ४७ च्या काठावर बसलो. मिस्त्रीनं मोबाइलवर वेळ लावली. पाण्याचा आवाज आधी आला, मग पाणी, मग पाला. नालीतून सरळ पुढं गेला, एक पानही कट्ट्याला लागलं नाही. बिगारी पळत आला आणि वाकून बघत म्हणाला, "गेला बी?"

"गेला," मिस्त्री म्हणाला. "आता गल्लीतनं बी ओत."